अडतीस लाखांची ढाल

अण्णारावाला खुर्चीवरून खाली ओढायचंच, हे पंचशीलानं ऑगस्टातल्या त्या मंगळवारीच ठरवलं होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी दूध संघाच्या जिन्यावरून उतरताना तिचे कान असे तापले होते, की कुणी तिला त्या घटकेला हाक मारली असती तर तिनं त्यालाच धुऊन काढलं असतं.

सहा वर्षं! सहा वर्षं तिरूकाठ दूध संघाचं सगळं कामकाज तिच्या प्रोग्रॅमवर चाललं होतं. नांदेडला कॉम्प्युटर शिकून आलेली केरबा सोनकांबळ्याची ही पोरगी. केरबा याच संघात शिपाई होता, फायली उचलता उचलता रिटायर झाला. पोरीनं मात्र एकशे दहा गावांचं दूध एका पडद्यावर आणलं. कुठल्या गावाचं किती दूध येणार, टँकर कुठल्या वाटेनं घालायचा, उद्याचा अंदाज काय, सगळं. लातूरचे लोक बघून जायचे आणि म्हणायचे, असलं आमच्याकडंबी न्हाई.

अण्णाराव संघाचा कार्यकारी संचालक. अंगानं भरलेला, बोलायला गोड, आणि नवा जिल्हा होणार या हुलीनं त्या साली पुरता पिसाळलेला. लातूर तुटणार, उदगीर जिल्हा होणार, मग दूध संघही जिल्ह्याचा होणार आणि त्याचा पहिला अध्यक्ष अण्णाराव होणार, असा सगळा बेत त्याच्या डोक्यात शिजून तयार होता. प्यायला पाणी नव्हतं, लातुरात नळाला पंधरा-पंधरा दिवस थेंब नव्हता, जनावरं छावणीत उभी होती, पण ह्याचं आपलं जिल्हा, जिल्हा, जिल्हा.

त्या मंगळवारी त्यानं पंचशीलाला वर बोलावलं. सगळं संचालक मंडळ बसलेलं. आणि एका बाजूला टाय लावलेला शिवमूर्ती नावाचा तरुण, एका मोठ्या नावाजलेल्या सॉफ्टवेअर कंपनीचा नांदेडचा माणूस.

"बस म्हणू नका तिला, तिचं दोन मिनिटांचं काम हाय," अण्णाराव म्हणाला. "पंचशीला, आपण ह्या साहेबांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलंय. अडतीस लाख. वर दरसाल सहा. तुझ्याकडली सगळी माहिती ह्यांना काढून दे."

पंचशीला वर्षाला चाळीस हजार घ्यायची. तिला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"साहेब, माझ्यात काय कमी पडलं?"

"कमी काय न्हाई. तुझं चालतंय, कोण न्हाई म्हणतंय?" अण्णाराव हसला. मंडळाकडं बघत, जणू शाळेत धडा समजावून द्यावा तसा बोलायला लागला. "पण बघ. उद्या तुझं चुकलं, तर लोक मलाच धरतील. म्हणतील, अण्णाराव, शिपायाच्या पोरीच्या हातात संघ कामून दिलास? आणि ह्या कंपनीचं चुकलं, तर लोक काय म्हणतील? एवढी मोठी कंपनी चुकली, बिचारा अण्णाराव काय करणार! कळलं का? अडतीस लाख कॉम्प्युटरचे न्हाईत. मी बिनघोर झोपतो, त्याचे हायेत."

मंडळ हसलं. शिवमूर्तीनं मान खाली घातली, पण तोही हसला असावा, खांदे हलले.

"आणि एक," अण्णाराव म्हणाला, "ऊठसूट वर यायचं न्हाई आता. तोंडानं मला काही सांगायचं न्हाई. जे असंल ते कागदावर लिहून खाली आवकमध्ये दे. सरकारी पद्धत शिकायची आता, जिल्हा होतोय."

शिपायाच्या पोरीच्या हातात! बाप तिथंच खाली तीस वर्षं स्टुलावर बसला होता, याच माणसाच्या बापाला पाणी देत. पंचशीला जिना उतरली ती तोंडातल्या तोंडात एकच घोकत, बघतेच तुला, बघतेच.

तर दोन महिने तिनं शिवमूर्तीच्या लोकांना माहिती काढून दिली. फुकट. त्यांची पुण्या-हैदराबादची पोरं हुशार होती, यात शंका नाही. मराठी तुटक, पण काम झकास. पडदे असे देखणे की दूध संकलन केंद्राचे लोक नुसते बघत राहायचे. पण एका जागी पंचशीलाचं बोट थांबलं.

उद्या किती दूध येणार, हा अंदाज ती मंडळी गेल्या तीन सालांच्या त्याच तारखेवरून काढत होती. तीन वर्षांतल्या नऊ जानेवारीला इतकं इतकं आलं, म्हणून ह्याही नऊ जानेवारीला इतकं येणार. आता इंग्रजी तारखेला दूध कुठं विचारतं? पंचशीलाच्या प्रोग्रॅममध्ये एक वेगळीच यादी होती. ती तिनं सरजा आत्याच्या वसरीत बसून, पंचांग पुढ्यात घेऊन केलेली. सरजाबाई म्हणजे केरबाची थोरली बहीण. रांडाव बाई, दोन एकर रान, दोन म्हशी आणि गावच्या दूध संकलन केंद्राची कारभारीण. कुठल्या सणाला दूध घरातच राहतं, कुठल्या सणाला दुप्पट येतं, ते सगळं आत्यानं बोटांवर सांगितलं होतं.

"आन् येळवस?" पंचशीलानं तेव्हा विचारलं होतं.

"येळवशीला?" आत्या हसली होती. "येळवशीला कोण येडं डेअरीला दूध घालंल गं? खीर हाय, ताक हाय, आंबील हाय, सगळं रानात जातंय. त्या दिशी डेरी उघडूच नगा, कुलूप लावा."

ही वेळा अमावस्या, येळवस, आमच्याच मुलखातला सण. लातूर, नांदेडचा काही भाग, तिकडं धाराशिवकडं, बस्स. त्या दिवशी गावंच्या गावं रानात असतात. पुण्या-हैदराबादच्या माणसाला ह्याचा पत्ता असायचं कारण नाही. त्यातून ती अमावास्येला येते, म्हणजे दरसाल तारीख वेगळी. आदल्या साली डिसेंबरात झाली होती. ह्या साली होती नऊ जानेवारीला, शनिवारी. आणि गंमत अशी, की येळवस कधी आहे हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं, पण ती तिथीनं. तीन महिने आधी 'नऊ जानेवारी' म्हटलं तर एकाच्याही डोक्यात घंटा वाजत नाही.

पंचशीलाच्या डोक्यात वाजली. ऑक्टोबरात.

कारण तेव्हाच अण्णारावानं मोठा घाट घातला होता. हैदराबादची एक मिठाईवाली कंपनी संक्रांतीच्या मालासाठी दूध बघत होती. लिटरमागं चार रुपये जास्त देणार होती, वर्षाचा करार. अट एकच. पहिली खेप नऊ जानेवारीला, तीन टँकर, छत्तीस हजार लिटर. ती चुकली तर करार रद्द. अण्णारावानं नव्या पडद्यावर तारीख घातली, पडद्यानं हिरव्या अक्षरात सांगितलं, एकेचाळीस हजार लिटर येईल. झालं! अण्णारावानं तिथंच पेढे मागवले.

पंचशीलाला खाली बसून सगळं दिसत होतं. माहिती काढून देण्याचं काम संपत आलं होतं, शेवटचा हस्तांतराचा कागद तेवढा लिहायचा होता. तिनं तो लिहिला. चार पानं. पहिल्याच पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, स्वच्छ मराठीत लिहिलं: 'नऊ जानेवारी रोजी वेळा अमावस्या आहे. त्या दिवशी दूध संकलन दोन हजार लिटरच्या वर जाणार नाही. नवीन यंत्रणेत सणांची यादी नाही, ती संघाने भरून द्यावी. या तारखेचा कोणालाही शब्द देऊ नये.' खाली रेघसुद्धा मारली. वाचलं तर सुटला, असं तिनं स्वतःशी म्हटलं. हे एवढं तिनं सरळ केलं.

आणि वाचणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. शिपायाच्या घरात वाढलेली ती. साहेब लोक कागद कसा वाचतात, ते बाप रोज संध्याकाळी सांगायचा. आवकचा शिक्का बसला, नंबर पडला, चार पानं वर गेली, आणि दुपारी चारही पानांवर अण्णारावाची लपेटदार सही होऊन खाली आली. कोपऱ्यात शेरा, 'पाहिले. फाईल.' तिनं शिक्क्यासकट झेरॉक्स काढली, एक प्रत शिवमूर्तीला पोच घेऊन दिली, आणि घरी गेली.

नोव्हेंबर लागताच अण्णारावानं हैदराबादच्या करारावर सही ठोकली. नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. तोंड उघडायला दोन महिने होते. एकदा बाजारात अण्णाराव समोरून आला, "काय, कसं काय चाललंय पंचशीला?" म्हणाला, तेव्हा शब्द जिभेवर आले होते. तिनं गिळले. तोंडानं सांगायचं न्हाई म्हणाला होतास ना? मर मग!

जानेवारी लागला, भिंतीवर नवं कॅलेंडर आलं, तशी कुजबुज सुरू झाली. केंद्रावरचे लोक एकमेकांना म्हणायला लागले, अरे शनिवारी तर येळवस. पण वर जाऊन सांगणार कोण? एक नरसिंग नावाचा टँकरवाला तेवढा बोलला, तर संघातल्या लोकांनीच त्याला वेड्यात काढलं. एवढी मोठी कंपनी, अडतीस लाख घेतलेत, तिला काय येळवस ठावं नसंल? दुष्काळ हाय, लोक औंदा करणारबी न्हाईत. पडदा एकेचाळीस हजार म्हणतोय, तू कोण टिकोजीराव?

दुष्काळ म्हणून येळवस करणार नाहीत! हे बोलणाऱ्याची जीभ झडली कशी नाही? गुरुवारी अण्णारावाला जाग आली, तेव्हा त्यानं लातूर, नांदेड, सगळ्या डेअऱ्यांना उसन्या दुधासाठी फोन लावले. जिथं तिथं येळवसच. हैदराबादवाल्यांना तारीख पुढं ढकला म्हणाला, तर ते म्हणाले, सही तुमची आहे.

शनिवारी पंचशीला आत्याच्या रानात होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळलेली, विहिरीत खडक उघडा पडलेला. ह्यांच्यात पूजा-बिजा नसते, छप्पन्न साली बौद्ध झाले तेव्हापासून बंद. पण भज्जी, भाकरी, खीर आणि आंबील, ह्यात धर्माचा काय संबंध? एक म्हैस छावणीत होती, दुसरीचं सकाळचं सगळं दूध खिरीत गेलं होतं. शेजारच्या रानातल्या बाया इकडं येऊन जेवल्या, इकडचे तिकडं गेले. सगळ्या शिवारात माणूस, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आत्यानं तिच्या पुढ्यात आंबिलीचा तांब्या ठेवला. "पी. औंदा ताक पातळ हाय. पुढल्या साली दाट करू." मग खुशीत येऊन म्हणाली, "सोमवारपासनं चार रुपये वाढवून देणार हायेत. लिटरला चार! म्या हिशेब केला, कडब्याचं भागतंय. आता काळी म्हैस इकायची गरज न्हाई. मी तर तिला बाजार दाखवायच्या बेतात होते बघ."

पंचशीलाचा घास तोंडातच राहिला. खेप चुकली तर करार रद्द, ही अट आत्यापर्यंत पोचलीच नव्हती. चार रुपये पंचशीलाला ठाऊक होते. ते लिटरमागं असतात, एकशे दहा गावांत असतात, हेही ठाऊक होतं. काळ्या म्हशीचा तिनं विचार केला नव्हता. खोटं कशाला, केला होता, डिसेंबरात एकदा केला होता आणि बाजूला सारला होता. सूड घ्यायचा म्हटल्यावर माणूस काय काय बाजूला सारतो! तिनं तांब्या तोंडाला लावला आणि पुरा संपवला, म्हणजे बोलायला नको.

त्या दिवशी संघात अठराशे लिटर दूध आलं. दोन टँकर रिकामे उभे राहिले, तिसऱ्याच्या बुडाला तेवढं हलत होतं. मंगळवारी करार मोडल्याचं पत्र आलं.

पंधरा दिवसांनी विशेष सभा लागली. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. एकशे दहा गावांचे सभासद, बायाही आलेल्या, आणि सगळे असे भडकलेले की अण्णारावाला उचलून बाहेर टाकतात की काय, असं वाटावं. पंचशीला सभासद नव्हती. ती आत्याच्या शेजारी सतरंजीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

अण्णाराव माइकसमोर आला तो हात जोडून. पठ्ठ्यानं आवाज चांगलाच भिजवला. "मायबापहो, माझं काय चुकलं ते सांगा. मी काय गल्लीतल्या पोराकडनं काम करून घेतलं? देशात नाव असलेल्या कंपनीला आपण अडतीस लाख मोजले. तीच कंपनी चुकली! जिथं एवढे मोठे लोक चुकतात, तिथं मी एक साधा माणूस काय करणार?"

आणि काय सांगावं! लोक थंड पडायला लागले. पंचशीलाला ते डोळ्यांनी दिसत होतं. पुढचे दोन म्हातारे मान डोलवत म्हणाले, बराबर हाय, ह्याची काय चूक, कंपनीला धरा. अडतीस लाखांत अण्णारावानं जे विकत घेतलं होतं, ते असं भर सभेत त्याच्या कामी येत होतं.

पंचशीला उठली.

"सभासद न्हाई ती!" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या वतीनं बोलंल. म्या हाय सभासद," सरजाबाई खणखणीत म्हणाली. तिला पिशवीत काय आहे ते ठाऊक नव्हतं. भाची बोलते म्हणाली, म्हणून तिनं हात वर केला, एवढंच.

पंचशीलानं कागद काढला. आवक नंबर वाचला, ऑक्टोबरची तारीख वाचली, मग तिसरी ओळ वाचली. शांतपणे, एकेक शब्द सोडवून. मग खालची सही कुणाची ते सांगितलं, आणि कोपऱ्यातला शेराही. 'पाहिले. फाईल.'

"खोटं हाय!" अण्णाराव ओरडला.

"आवकचं रजिस्टर मागवा."

रजिस्टर आलं. नंबर जुळला. तेव्हा अण्णारावानं शिवमूर्तीकडं बघितलं, बुडणारा माणूस काठावरच्याकडं बघतो तसं. शिवमूर्ती उठला, टाय नीट केला, आणि आपल्या बॅगेतून त्याच कागदाची दुसरी प्रत काढली. "सर, सणांची यादी भरून देणं ही आपली जबाबदारी होती. करारात कलम आहे. आणि या पत्रावरून आपल्याला माहिती होती, हे स्पष्ट दिसतं. कंपनीची यात काही चूक नाही." तेवढं बोलून तो खाली बसला. ज्याच्या आड लपायला अडतीस लाख दिले, तोच पंचशीलाच्या झेरॉक्सच्या आड लपला!

मग जे व्हायचं ते झालं. अर्ध्या तासात राजीनामा लिहून घेतला. नवा जिल्हा होवो न होवो, त्याच्या संघाच्या खुर्चीवर अण्णाराव बसणार नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळलं. राजीनाम्यावर त्यानं तीच लपेटदार सही केली, आणि पंचशीला ते पुरतं, सावकाश, डोळे भरून बघत होती. तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

जाता जाता तो तिच्यासमोर थांबला. "तुला ठावं होतं. दोन महिने होते. एक शब्द तोंडानं बोलली असतीस तर?"

"बोलता आलं असतं," पंचशीला म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मुद्दाम न्हाई बोलले."

तो गेला. उपाध्यक्ष साहेबरावानं माइक हातात घेतला, आणि लोकांची हवा बघून लगेच ठराव मांडला. कंपनीचं सॉफ्टवेअर बंद, पंचशीला सोनकांबळेंचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू. "बाई, पैसे किती घेणार?"

"अडतीस लाख. वर दरसाल सहा."

सभेत खसखस पिकली. साहेबराव मात्र हसला नाही. "अन् चुकलं तर?"

"तर मला धरा. माझ्या बापाचं घर ह्याच गावात हाय, मी कुठल्या कलमामागं लपायची न्हाई. त्याचेच तर पैसे मागतेय मी."

साहेबरावानं मंडळाकडं बघितलं. मंडळानं माना हलवल्या. चाळीस हजाराला दारात उभं न करणारी हीच माणसं! ठरावाला हात वर करा म्हटल्यावर हातच हात वर झाले. पंचशीलानं मागं वळून सगळं मंगल कार्यालय बघून घेतलं.

"विरोधात?" साहेबरावानं रीत म्हणून विचारलं.

पंचशीलाच्या अगदी शेजारून एक हात वर गेला. हिरव्या बांगड्या नसलेला, शेणानं भेगाळलेला.

"आत्या?"

सरजाबाईनं हात खाली घेतला नाही. भाचीकडं बघितलंही नाही, समोरच बघत बोलली. "त्याचा सूड घेतलास, बरं केलंस. त्यो त्याच लायकीचा होता. पण माझ्या रानात बसून आंबील पिलीस तवाबी तुला ठावं होतं. काळी म्हैस म्या गेल्या बुधवारी हाळीच्या बाजारात इकली." मग ती साहेबरावाकडं वळली. "लिवा. सरजाबाई, विरोधात."

कारकुनानं पंचशीलाकडं बघितलं. एका मताचं काय एवढं, लिहू का नको, असं त्याला विचारायचं होतं.

"लिहा," पंचशीला म्हणाली. "पुरं नाव लिहा."